उद्यान-मैदानाच्या खासगी पुनर्विकासाला हरकत घेताना: नागरिकांसाठी मार्गदर्शन

शहराच्या मध्यवस्तीतील उद्यान किंवा महापालिकेचे क्रीडांगण खासगी विकसकाकडे सोपवण्याचा प्रस्ताव बहुतेक वेळा त्या जागेच्या दुरवस्थेचा दाखला देऊनच पुढे येतो. प्रेक्षागाराचे छत गळते, स्वच्छतागृहांना कुलूप असते, धावपट्टीवर गवत माजलेले असते, आणि दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात तरतूद नसते. मग महापालिकेचा एक रुपयाही खर्च न होता अद्ययावत क्रीडासंकुल उभे राहील, त्या बदल्यात विकसकाला काही गाळे, एक क्लब, समारंभाचे सभागृह आणि भूमिगत वाहनतळ चालवण्याचा हक्क तीस किंवा साठ वर्षांसाठी मिळेल, अशी योजना मांडली जाते. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून अस्वस्थ झालेल्या नागरिकांसाठी हे मार्गदर्शन आहे. यातील कायद्यांचे उल्लेख प्रामुख्याने महाराष्ट्रापुरते आहेत. अशा प्रकरणांचा निकाल मुख्यतः कागदांवर आणि मुदतींवर लागतो, म्हणून पहिला महिना मोर्चाच्या तयारीपेक्षा कागद गोळा करण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमीन कोणाची आणि कशासाठी

सर्वप्रथम त्या जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक मिळवावा आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा घ्यावा. गावठाणाबाहेरची जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार पाहावेत. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून महापालिकेचे नाव आहे की शासनाचे, हा साधा वाटणारा प्रश्न पुढे फार महत्त्वाचा ठरतो. अनेक शहरांतली मैदाने ही मुळात शासकीय जमीन असून ती विशिष्ट प्रयोजनासाठी, ठरावीक अटींवर नगरपालिकेला दिलेली आहे. तसे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा मूळ आदेश शोधावा, कारण मैदानासाठी दिलेल्या जमिनीवर व्यापारी गाळे उभारणे हा शर्तभंग ठरू शकतो आणि त्याची दखल महापालिकेने नव्हे तर जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायची असते. काही उद्याने दानातून आलेली असतात. अशा वेळी दुय्यम निबंधक कार्यालयातील दानपत्राची प्रमाणित प्रत काढून त्यात दात्याने वापराबद्दल काही अट घातली आहे का, हे वाचावे.

दुसरा कागद म्हणजे मंजूर विकास योजनेचा, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्याचा, भाग नकाशा आणि नगररचना विभागाचा झोन दाखला. मुंबईत त्याला डीपी रिमार्क म्हणतात. नकाशावर जागा ‘उद्यान’, ‘खेळाचे मैदान’, ‘स्टेडियम’ किंवा ‘क्रीडासंकुल’ यांपैकी काय म्हणून दाखवली आहे आणि ते आरक्षण आहे की विद्यमान वापर, हे नीट टिपून घ्यावे. खेळाच्या मैदानावर जेवढे बांधकाम चालते त्यापेक्षा स्टेडियम म्हणून दर्शवलेल्या जागेवर बरेच जास्त चालू शकते. म्हणून मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आणि राज्याच्या बहुतेक इतर शहरांत डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रीकृत नियमावली उघडून त्या वापरापुढे किती बांधकामाची मुभा आहे, ते पाहावे. उद्यान आणि स्टेडियम एकाच कुंपणात असले तरी नकाशावर त्या दोन वेगळ्या जागा असू शकतात, आणि विकसकाचा आराखडा नेमका त्या दोहोंच्या सीमारेषेवर पसरलेला असतो.

या तपासणीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरात घडले. तेथील फ्रँकलिन पार्कमधील व्हाइट स्टेडियम हे शालेय खेळांचे जुने मैदान व्यावसायिक महिला फुटबॉल संघासोबत भागीदारीत नव्याने बांधण्याच्या योजनेला उद्यानप्रेमी संस्था आणि शेजारचे रहिवासी २०२४ मध्ये न्यायालयात विरोध करू लागले. स्टेडियम उद्यानाच्या आत आहे हे कोणीच नाकारत नव्हते. प्रश्न होता तो स्टेडियमचा तुकडा कायद्याच्या दृष्टीने उद्यान म्हणून कायमचा राखलेला आहे का, एवढाच. एप्रिल २०२५ मध्ये तेथील कनिष्ठ न्यायालयाने तो तसा राखलेला नाही असे ठरवले आणि निकाल शहराच्या बाजूने गेला. आपल्याकडेही ‘आम्ही लहानपणापासून इथे खेळतो’ हे म्हणणे कितीही खरे असले तरी नकाशावरच्या रंगापुढे ते टिकतेच असे नाही.

आरक्षण रद्द करण्याचे मार्गही ओळखून ठेवावेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम १२७ खाली ठरावीक मुदतीत संपादन न झालेल्या खासगी जमिनीचे आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. महापालिकेच्या ताब्यात आणि मालकीत असलेल्या मैदानाला ते लागू होण्याचे कारण नाही. कलम ५० खाली, ज्या संस्थेसाठी आरक्षण ठेवले तिनेच ‘आता गरज नाही’ असे कळवले तर शासन ते वगळू शकते. मात्र मैदानांच्या बाबतीत सर्वांत जास्त वापरले जाणारे दार म्हणजे कलम ३७, ज्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

प्रस्ताव कोठवर आला आहे

वर्तमानपत्रात संकल्पचित्र छापून येते तेव्हा प्रस्ताव नुसता मांडला गेला आहे की करारावर सही झाली आहे, हे बातमीवरून कळत नाही. साधारण क्रम असा असतो: सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, स्वारस्य अभिव्यक्ती (इच्छुक विकसकांचे प्राथमिक प्रस्ताव) मागवणे, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी, गरज असल्यास विकास योजनेत फेरबदल, निविदा, सवलत करार (ठरावीक वर्षे जागा चालवण्याचा हक्क देणारा करार) किंवा भाडेपट्टा, बांधकाम परवानगी आणि शेवटी झाडे तोडण्याची परवानगी. प्रत्यक्षात हा क्रम पाळला जातोच असे नाही, आणि क्रम मोडलेला सापडणे हेच बऱ्याचदा नागरिकांचे सर्वांत भक्कम हत्यार ठरते. आरक्षणात फेरबदल होण्यापूर्वीच निविदा काढली असेल तर पुढची सुनावणी केवळ उपचार आहे, असे ठामपणे म्हणता येते.

नगरसचिव कार्यालयाकडून सर्वसाधारण सभेची कार्यपत्रिका आणि इतिवृत्त मागवावे. विषय कार्यपत्रिकेवर होता की आयत्या वेळी घेतला, मूळ प्रस्तावाला कोणती उपसूचना जोडली गेली आणि उपसूचनेने जागेचे क्षेत्र किंवा भाडेपट्ट्याची मुदत वाढली का, हे पाहावे. आयत्या वेळचे विषय ही आपल्या महापालिकांची जुनी खोड आहे, आणि रात्री उशिरा, सभागृह निम्मे रिकामे असताना मंजूर झालेला विषय सकाळी शहराला कळतो. २०२२ नंतर राज्यातील कित्येक महापालिकांत निवडून आलेले सभागृह नव्हते आणि प्रशासकांनीच स्थायी समिती व सर्वसाधारण सभा या दोहोंचे अधिकार वापरून ठराव केले. अशा काळातील ठराव असेल तर प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता, ही बाब हरकतीत नमूद करायला विसरू नये.

बाकीचे कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. २००५ च्या या कायद्याखाली अर्जाचे शुल्क दहा रुपये असून माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. न मिळाल्यास तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून एका लांबलचक अर्जाऐवजी चार छोटे अर्ज करावेत आणि ते शक्यतो वेगवेगळ्या विभागांकडे द्यावेत. अर्जात ‘हे मैदान विकसकाला का दिले’ असा प्रश्न विचारू नये, कारण माहिती अधिकारी कारणे किंवा मते देण्यास बांधील नसतो. कागद मागावा. ‘अमुक क्रीडासंकुलाच्या पुनर्विकासाबाबत नगररचना, मालमत्ता व क्रीडा विभागांनी तयार केलेल्या संपूर्ण नस्तीची (फाइलची), टिप्पण्या व पत्रव्यवहारासह, साक्षांकित प्रत, व्यवहार्यता अहवालाची प्रत, निविदा दस्तऐवज व निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त, प्रस्तावित भाडेपट्ट्याचा मसुदा’ एवढे लिहिले तरी पुरते. व्यापारी गोपनीयतेचे कारण देऊन करार नाकारला गेल्यास, कलम ८(१)(ड) मध्येच व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद दिलेला आहे, याची अपिलात आठवण करून द्यावी. प्रती मिळेपर्यंत थांबायचे नसेल तर अवलोकनाचा मार्ग आहे. पुणे महापालिकेच्या धर्तीवर राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हा व स्थानिक पातळीवरील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सूचना केली आहे. दोघांनी जावे, म्हणजे एकाला वाचता येते आणि दुसऱ्याला पान क्रमांकासह टिपणे काढता येतात.

हरकत लिहिताना

मंजूर विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७(१) नुसार नियोजन प्राधिकरणाला राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. सूचना राजपत्रात आली की महिना सुरू होतो, आणि शेजारच्या सोसायटीच्या फलकावर ती लागेपर्यंत निम्मा महिना उलटलेला असतो. म्हणून गटातील एका व्यक्तीने राजपत्र आणि महापालिकेचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. हरकत कोणीही घेऊ शकतो. त्यासाठी त्या प्रभागात राहणे, मालमत्ताधारक असणे किंवा संस्था नोंदवलेली असणे आवश्यक नाही.

या कलमाची एक मर्यादा नागरिकांच्या उपयोगाची आहे. विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही असाच फेरबदल या मार्गाने करता येतो. प्रभागातील एकमेव मोठे मैदान व्यापारी वापराकडे वळत असेल तर तो किरकोळ बदल नव्हे, हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात मांडावा आणि त्याला आकड्यांचा आधार द्यावा. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. आपल्या प्रभागाची जनगणनेतील लोकसंख्या घ्यावी, विकास योजना अहवालातून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या उद्यान-मैदानांचे क्षेत्र घ्यावे आणि भागाकार करून दाखवावा. नकाशावर आरक्षित पण प्रत्यक्षात झोपडपट्टी किंवा खासगी ताबा असलेले भूखंड या बेरजेत धरू नयेत. महापालिका ते धरते, आणि तेथेच तिचा आकडा फुगतो.

हरकतीचा मजकूर साधा असावा. ‘दिनांक अमुकच्या राजपत्रातील सूचनेस अनुसरून मी खाली सही करणार कलम ३७(१) अन्वये पुढीलप्रमाणे हरकत नोंदवीत आहे. सदर जागा मंजूर विकास योजनेत खेळाचे मैदान म्हणून दर्शविलेली असून तिचे क्षेत्र इतके चौरस मीटर आहे. प्रस्तावातील तक्त्यानुसार त्यापैकी इतके क्षेत्र बांधकामाखाली जाईल. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी व निर्णयाची प्रत लेखी कळवावी.’ शेवटचे वाक्य न चुकता घालावे, कारण सुनावणी मागूनही ती दिली नाही, हा पुढे न्यायालयात स्वतंत्र मुद्दा होतो. प्रत्येक हरकत दोन प्रतींत न्यावी, आवक शाखेत एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा, आणि ईमेलनेही पाठवावी. शिक्का नसलेली हरकत सुनावणीच्या यादीत सापडली नाही तर ती दिली होती, हे सिद्ध करणे कठीण जाते.

छापील मजकुराखाली शेकडो सह्या घेण्याचा मोह होतो. त्याचा राजकीय उपयोग आहे, परंतु सुनावणीत अशा सर्व सह्या मिळून एकच हरकत समजली जाण्याची शक्यता असते. त्यापेक्षा ती जागा वेगवेगळ्या कारणांसाठी वापरणाऱ्या चाळीस जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या चाळीस हरकती अधिक वजनदार ठरतात. पहाटे पाचच्या सुमारास बहुतेक तालुक्यांच्या आणि शहरांच्या मैदानांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर आणि दोघांनाही शंभर मीटर धावायचे असते, गोळाफेकही करायची असते, आणि त्यांपैकी बहुतेकांना मासिक सभासद शुल्क परवडत नाही. नव्या संकुलातील कृत्रिम धावपट्टीवर त्यांना कोणत्या वेळी, कोणत्या दराने प्रवेश मिळेल, हे प्रस्तावात कोठे लिहिले आहे, असा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणी स्वतःच्या सहीने विचारला तर अधिकाऱ्याला ठरावीक उत्तर देऊन सुटता येत नाही. शाळांचे क्रीडाशिक्षक, सायंकाळी बसणारे ज्येष्ठ नागरिक, फाटकाजवळचे शहाळेवाले, कबड्डीचे मंडळ, या सर्वांची हरकत निरनिराळी असते आणि ती तशीच राहू द्यावी.

नकाशे आणि पैशाचा हिशेब

विकसकाचे रंगीत संकल्पचित्र बाजूला ठेवून आराखड्यातील क्षेत्रफळाचा तक्ता आणि छेदनकाशा मागावा. संकल्पचित्रात गच्चीवरची हिरवळसुद्धा उद्यानाच्याच रंगात रंगवलेली असते. छेदनकाशात जमिनीखालचे मजले दिसतात, आणि त्यांच्यावर किती खोलीचा मातीचा थर आहे हेही दिसते. वाहनतळाच्या छतावर मीटर-दीड मीटर माती टाकून हिरवळ आणि शोभेची झुडपे वाढतील, पण वड, पिंपळ किंवा पर्जन्यवृक्ष तेथे कधीही मोठा होणार नाही, आणि पावसाचे पाणीही जमिनीत न मुरता गटारात जाईल. वाहनतळात उतरणारे उतार, वायुवीजनाच्या चिमण्या, अग्निशमन वाहनासाठी सोडायचा रस्ता आणि विजेचे उपकेंद्र यांनी व्यापलेली जागा मोजून ती ‘मोकळ्या’ क्षेत्रातून वजा करावी. ही वजाबाकी एखाद्या वास्तुविशारदाने सही करून दिली तर उत्तमच, पण ती कोणत्याही नागरिकाला पट्टी आणि गणकयंत्र घेऊन करता येते.

पैशाच्या बाजूने पाहता, मुंबई वगळता इतर महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ महत्त्वाचे आहे. महापालिकेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मिळणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असू नये, असे ते सांगते. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातून त्या विभागाचा दर काढावा, विकसकाला मिळणाऱ्या व्यापारी क्षेत्राला लावावा आणि महापालिकेला मिळणारे अधिमूल्य (सुरुवातीची एकरकमी रक्कम) व वार्षिक भाडे त्याच्याशेजारी मांडावे. भाड्यात दरवर्षी किती वाढ आहे, नाव आणि जाहिरातीचे हक्क कोणाकडे आहेत, मुदत संपल्यावर इमारत कोणत्या अवस्थेत परत द्यायची आहे, आणि विकसक मध्येच निघून गेला तर बँकेचे तारण त्या जागेवर राहते का, हे चार प्रश्न अवश्य विचारावेत. ‘महापालिकेचा खर्च शून्य’ या विधानाचे खरे मूल्य या तक्त्यावरून ठरते.

झाडे आणि पर्यावरण परवाना

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार तोडायच्या झाडावर नोटीस लावणे आणि वर्तमानपत्रात जाहिरात देणे आवश्यक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष मानली जातात. प्रस्ताव तुकड्यातुकड्याने मांडून एकूण संख्या लहान दाखवली जात आहे का, हे पाहावे. झाडांवर क्रमांक रंगवलेले दिसताच प्रत्येक झाडाचे छायाचित्र, जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर यांची स्वतःची यादी करावी. नोटिशीत दिलेली हरकतीची मुदत बहुधा सात दिवसांचीच असते, त्यामुळे ही यादी आधीच तयार असलेली बरी. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल तर केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. इमारत प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही, म्हणून ही मंजुरी देणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्ते पर्यावरण मंजुरीच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच वाचावी लागतात.

न्यायालयाकडे जाण्यापूर्वी

सार्वजनिक उद्यानांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक नागरिक गटाने मुळातून वाचावेत. बेंगळुरूमध्ये राजमहाल विलास विस्तारातील उद्यानाची जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी दिली गेली होती. १९९१ मध्ये न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले, आणि परिसरातील रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे हेही मान्य केले. रुग्णालय हा चांगला हेतू आहे, एवढ्याने उद्यानाची जागा देता येत नाही, हा त्यातला मुद्दा ‘खेळाडूंच्या भल्यासाठी’ मांडल्या जाणाऱ्या प्रस्तावांना चपखल लागू पडतो. दुसरा निकाल १९९९ चा, लखनौच्या अमीनाबादमधील झंडेवाला पार्कचा. तेथील महापालिकेने १९९३ मध्ये निविदा न काढताच एका विकसकाशी करार करून उद्यानाखाली भूमिगत बाजार बांधायला दिला होता. उद्यान बाजाराच्या छतावर राहीलच, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व (शासन सार्वजनिक जागांचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त असते) लावून बांधलेला बाजार पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला गेला. ‘वर उद्यान, खाली वाहनतळ’ या धर्तीचा प्रत्येक आराखडा या निकालाशी ताडून पाहावा.

मात्र न्यायालयाच्या वाटेचा वेळही लक्षात घ्यावा. पुण्यातील प्रभात रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेसाठी आरक्षित भूखंडावर आरक्षण हटवून इमारत उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्याविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, पण तो २०११ मध्ये. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच गेले पाहिजे. जनहित याचिका संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठात किंवा नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी येथील खंडपीठांत, तसेच ऑगस्ट २०२५ पासून कार्यरत असलेल्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये दाखल करता येते. याचिकाकर्त्याचा वैयक्तिक स्वार्थ नाही, हे शपथेवर सांगावे लागते. शेजारी स्वतःचा बांधकाम व्यवसाय असलेल्या किंवा निविदेत हरलेल्या व्यक्तीला याचिकाकर्ता करू नये. न्यायालय सद्हेतूची खात्री म्हणून रक्कम जमा करायला सांगू शकते, त्याची तयारी ठेवावी. विलंबाचे कारण प्रत्येक तारखेनिशी सांगता आले पाहिजे, आणि येथेच आवक शिक्के असलेल्या हरकती, माहिती अधिकाराचे अर्ज आणि अपिले उपयोगी पडतात. केवळ पर्यावरणाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे सहा महिन्यांत अर्ज करता येतो, आणि पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचे तर अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. ती बहुतेकांच्या हातून निसटते.

न्यायालयाअगोदर आणखी एक पायरी आहे. महापालिकेचा ठराव कायद्याविरुद्ध असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. नगरविकास विभागाकडे तसा अर्ज करावा. निर्णय राजकीय असतो हे खरे, तरी अर्ज दिल्याची नोंद याचिकेत उपयोगी ठरते.

विरोध करणारे आणि न करणारे

स्टेडियमच्या प्रकरणात गटातल्या गटातच मतभेद होतात, आणि ते दडपण्यात अर्थ नसतो. खो-खो, अ‍ॅथलेटिक्स किंवा जलतरणाचे प्रशिक्षक वर्षानुवर्षे मोडक्या सुविधांवर काम करत असतात. त्यांना नवे संकुल हवे असते आणि विकसक त्यांच्याकडेच सर्वांत आधी जातो. त्यांना ‘विकले गेलेले’ ठरवणारा गट स्वतःचे नुकसान करून घेतो. त्यांच्याबरोबर बसून दुरुस्तीची यादी करावी, सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीवरून खर्च काढावा आणि तो महापालिकेच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवावा. बऱ्याच ठिकाणी असे दिसते की धावपट्टी, छत आणि स्वच्छतागृहे यांचा खर्च टप्प्याटप्प्याने करणे महापालिकेला शक्य होते, फक्त तो कोणी मागितला नव्हता. मुंबईतील ओव्हल मैदानाच्या बाबतीत रहिवाशांनी न्यायालयात जाऊन दुरवस्था थांबवली आणि नंतर देखभालीची जबाबदारी घेतली. आज ते मैदान क्रिकेटसाठी खुले आहे आणि २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा परिसराचा भाग आहे. सर्वच वस्त्यांना दक्षिण मुंबईतील रहिवाशांएवढी साधने नसतात, हेही मान्य करावे लागेल.

मोर्चा किंवा मानवी साखळी काढायची असल्यास पोलिसांची लेखी परवानगी घ्यावी आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली त्या काळात मनाई आदेश लागू आहेत का, हे पोलीस ठाण्यात विचारावे. हे कलम आणि नगररचना अधिनियमातील फेरबदलाचे कलम या दोन्हींचा आकडा एकच असल्याने पत्रकात गोंधळ होतो, म्हणून अधिनियमाचे नाव पूर्ण लिहावे. राजकीय पक्षांचा पाठिंबा घ्यावा, पण सर्वच पक्षांना लेखी भूमिका विचारावी आणि उत्तरे जशीच्या तशी जाहीर करावीत.

प्रस्ताव मागे घेतल्याची घोषणा झाली म्हणजे काम संपले असे समजू नये. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केलेल्या मोकळ्या जागांच्या धोरणाला तीव्र विरोध झाल्यावर तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली, आणि तरीही २०२३ मध्ये दत्तक धोरणाचा (मोकळ्या जागा देखभालीसाठी खासगी संस्थांकडे सोपवण्याच्या धोरणाचा) नवा मसुदा आला तेव्हा नागरिकांना पुन्हा हरकती लिहाव्या लागल्या. स्थगितीने मूळ ठराव तसाच राहतो आणि ती कोणत्याही दिवशी उठू शकते. त्यामुळे सर्वसाधारण सभेत मूळ ठराव रद्द करणारा नवा ठराव क्रमांकासह मागावा, कलम ३७ ची कार्यवाही सुरू झाली असल्यास ती मागे घेतल्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावी, निविदा रद्द झाल्याची नोंद शासनाच्या निविदांच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर झाली आहे का हे तपासावे, आणि या तिन्हींच्या साक्षांकित प्रती मिळाल्यावरच गटाचे काम आटोपते घ्यावे.